आईचं बुकिंग

३ मार्च

घुम्या,

फोन तू कापतोस, म्हणून पत्र. पत्र कापायला उठून कात्री शोधावी लागते, आणि तुझ्या दुकानात चिमटे, भिंगं आणि उघडी पडलेली घड्याळं सोडून दुसरं काही हाताला लागत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा वाचशीलच.

हे पत्र कामाचं आहे. कामाशिवाय मी लिहिलं नसतं आणि कामाशिवाय तू वाचणार नाहीस, म्हणजे दोघांचाही ताठा शाबूत राहिला.

आईचं बेट उघडलं. आपले आजोबा जिथे दीपगृहाचा दिवा सांभाळायचे आणि आई जिथे फ्रॉक घालून खडकाखडकांवर बोंबलत फिरायची, ते. आपण लहानपणी जेवायला बसलो की ती त्या बेटाचं काहीतरी सांगायची आणि तू तेवढ्या वेळापुरतं ताटातली भाजी चिवडायचं थांबवायचास. पक्ष्यांसाठी म्हणून ते बंद झालं ते झालंच. आता या हंगामात थोड्या लोकांना परवाने देतायत. नंतर मनोऱ्याची डागडुजी काढणार आहेत, ती कित्येक वर्षं चालेल. म्हणजे आईच्या दृष्टीनं हा एकच हंगाम.

परवाने मिळवणं हा माझा धंदाच. परवाना कचेरीच्या पायरीशी स्टूल टाकून लोकांचे अर्ज भरून द्यायचो, तिथून आता काचेचं दार आणि आत तीन टेबलं झाली. पण या बेटाइतके नखरे मी कुठल्या दूतावासाचेही पाहिले नाहीत. बुटांचे तळवे बोटीवर धुऊन घेणार, कुठलं बी बेटावर जाऊ नये म्हणून. फळ न्यायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि आईच्या वयाच्या माणसाबरोबर नात्यातले दोन धडधाकट सोबती हवेत. बोटीतून धक्क्यावर उभ्या लोखंडी शिडीनं चढावं लागतं, तेव्हा एक जण वर, एक खाली.

मी म्हटलं, मी आणि तुझी वहिनी. आई म्हणाली, "ती बोटीचा फोटो बघूनच ओकते. तुम्ही दोघं भाऊ असाल तर येते. नाहीतर मी इथं बरी आहे, टीव्ही आहे."

म्हणून अर्जात तुझं नाव घातलंय. बेट कार्यालयातून तुला फोन येईल, 'सोबत जायला तयार आहात का' म्हणून. तू फक्त 'हो' म्हणायचंस. एवढं तुलाही जमावं.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या जिन्याचं मात्र पुन्हा काढू नकोस. तू काय म्हणालास ते माझ्या पक्कं ध्यानात आहे. "दादा, तू आईला विचारून नेलं नाहीस, तू तिचं बुकिंग केलंस." इतकं लांब वाक्य तू आयुष्यात पहिल्यांदा बोललास आणि तेही माझ्यावर खर्च केलंस. अरे, बाबा गेल्यावर आईनं तुझ्या दुकानावरच्या माडीत राहायचं म्हणजे रोज तो जिना. उभा, अंधारा, हाताला धरायला काही नाही. मी गाडी आणली, सामान भरलं, तिला माझ्याकडे घेऊन आलो. तू खाली भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होतास. मी जिन्याचा विचार केला, एवढंच.

उत्तर टाक.

दादा

१५ मार्च

घुम्या,

उत्तर नाही. बरं.

काम पुढे सरकलंय ते कळवतो. डॉक्टरांचा दाखला हवा होता, की बाई उभी शिडी चढू शकतात. आईच्या कानावर हे गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या ऑफिसात हजर. पोटमाळ्यावर जुनी कागदपत्रं ठेवतो तिथे एक शिडी आहे, तुला माहीत आहे. दुपारी गिऱ्हाइकांच्या देखत साडी खोचून वर जायची, थोडं थांबायची, खाली यायची. मी ओरडायला लागलो की म्हणायची, "भोंग्या, तुझं बघ."

परवा एक नवं जोडपं आलं होतं. त्यांना बेटावर त्यांचा पोपट न्यायचाय. घरी एकटा ठेवला तर तो रुसतो म्हणे. मी त्यांना गोडीगुलाबीनं समजावत होतो की पक्ष्यांच्या बेटावर बाहेरचा पक्षी नेता येत नाही, तेवढ्यात वरून आवाज आला, "पिंजरा उघडा की. जायचं तर त्याचा तो जाईल." नवरा दचकला. त्याला वाटलं होतं माळ्यावर कुणी नाही.

मग डॉक्टर. माझ्या ओळखीचे, जरा पोट सुटलेले. त्यांनी विचारलं, "आजी, जिना चढताना दम लागतो का?"

"कुठला जिना? याच्या घराला लिफ्ट आहे. दम लागायला आधी जिना तर पाहिजे."

"मग चढून बघू या," म्हणून डॉक्टर तिला दवाखान्याच्या जिन्यानं गच्चीपर्यंत घेऊन गेले. मी खाली बसलो होतो. चढताना दोन माणसांची पावलं ऐकली, उतरताना एकाचीच. आई आली, पदर सारखा केला, बसली. डॉक्टर बऱ्याच वेळानं कठड्याला धरत आले आणि पाणी मागितलं. दाखल्यावर त्यांनी लिहिलं, 'कोणताही जिना अथवा शिडी विनासायास चढू शकतात.'

'कोणताही' हा शब्द त्यांनी विनाकारण घातला. नुसतं 'शिडी' पुरलं असतं. पण सोबत्याला दाखल्याची नक्कल द्यावी लागते, म्हणून जोडली आहे. फार वेळ बघत बसू नकोस.

आणखी एक. जेवण झाल्यावर मी आडवा होतो, तेव्हा मला झोप लागली असं समजून आई आत फोनवर बोलते. ती "हं" म्हणते. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा "हं". लोक फोनवर आवाज ओळखतात, मी तुझं गप्प बसणं ओळखतो. लहानपणापासून एका खोलीत झोपलोय. मी उठून विचारलं, "कोण होतं गं?"

"राँग नंबर."

राँग नंबराला 'जेवलास का' असं कुणी विचारतं का रे?

बोलत राहा तिच्याशी. मी झोपलेलाच असतो.

दादा

२४ मार्च

घुम्या,

हे कुरिअरनं पाठवतोय, कारण घाई आहे. आधी शेवटपर्यंत वाच, मग काय चिडायचं ते चीड.

आज सकाळी बेट कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. या बाईंना मी अजून पाहिलेलं नाही, पण आवाजावरून सांगतो, चष्मा कपाळावर ठेवून बोलत असणार. म्हणाल्या, "तुमचा अर्ज थांबवलाय."

"का हो? दाखला आहे, फोटो आहेत, बोट आहे, विश्रामगृहाची खोली आहे. माझ्या हातून गेलेला कागद आजवर परत आलेला नाही."

"तुमचं नाव दोन अर्जांत आहे. एका माणसाचं नाव एका हंगामात एकाच अर्जात चालतं. नियम छापलेला आहे."

नियम मला पाठ आहे. गिऱ्हाइकांना मीच सांगतो. माझ्या डोक्यात एकदम तो पलीकडच्या रस्त्यावरचा एजंट आला, माझ्या पाटीची नक्कल करणारा. मी सुरू झालो. असा तसा, सोडणार नाही, तक्रार करीन. बाईंनी माझं सगळं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या अर्जात तुमच्या आईचंही नाव आहे. अर्ज तुमच्या भावाचा आहे. सोबती एक ते, दुसरे तुम्ही."

मी खाली बसलो. म्हणजे बसलेलोच होतो, पण आणखी बसलो.

"कधीचा अर्ज?"

"तुमच्या आधीचा."

घुम्या, माझं पहिलं पत्र तुला मिळालं तेव्हा तुझा अर्ज त्यांच्याकडे पोचलेला होता! आणि तू ते पत्र वाचून गप्प बसलास. माझ्याच मनाला खात्री होती की आपला घुम्या जन्मात कधी अर्ज भरायचा नाही, म्हणून मी चौकशीसुद्धा केली नाही. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, 'घरातल्या आणखी कुणी अर्ज केलाय का?' स्वतःच्या घरात विचारला नाही.

बाई पुढे म्हणाल्या, "तुमच्या भावांनी आधी फोन करून चौकशी केली होती. बेटावर मोठ्यानं बोलायला मनाई आहे, तर सोबती बोलका असला तर चालतो का, म्हणून. मी विचारलं, कितपत बोलका? तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाले, 'पक्षी उडतील.'"

मी एवढ्या मोठ्यानं हसलो की बाहेरचं गिऱ्हाईक दार ढकलता ढकलता परत फिरलं.

हसून झाल्यावर लक्षात आलं. तू मला विचारलं नाहीस. माझं नाव, माझं वय, माझा फोटो, सगळं परस्पर घातलंस. तो फोटोही कुठला, तर बाईंच्या वर्णनावरून तुझ्या लग्नातला, मी तोंड उघडून काहीतरी बोलतोय तो. म्हणजे आईचं बुकिंग मी केलं आणि माझं तू केलंस. आता कुणी कुणाला काय म्हणायचं?

आईसमोर जाऊन उभा राहिलो. "तुला माहीत होतं, घुम्यानंही अर्ज केलाय ते?"

"होतं."

"मग सांगायचं नाही?"

ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. "तो म्हणाला, आई, मी तुला बेटावर नेतोय. तू म्हणालास, आई, मी तुला बेटावर नेतोय. दोघांनी येऊन सांगितलं. विचारलं कुणी काय? विचारलं असतं तर बोलले असते."

आता कामाचं. दोन अर्जांतला एक शुक्रवारी संध्याकाळच्या आत मागं घ्यायचा. नाही घेतला, तर दोन्ही रद्द आणि जागा पुढच्या माणसाला. मी बाईंना म्हटलं, माझा घ्या मागं. तर त्या ऐकेनात. "असं एकट्यानं सांगून चालायचं नाही. गेल्याच आठवड्यात दोन जावांनी असंच केलं. मोठीनं धाकटीसाठी मागं घेतला, धाकटीनं मोठीसाठी. सासूबाई बसल्यात घरी. तुम्ही दोघं एकाच फोनवर या आणि मला एकच उत्तर द्या."

शुक्रवारी दुपारी बाई तुला आणि मला एका लाईनवर घेणार आहेत. दुकानाच्या नंबरावर. माझा आवाज ऐकून कापू नकोस. तू तो फोन उचलला नाहीस तर आईचं बेट गेलं. बाकी माझ्यावरचा राग तू खुशाल ठेव, तो काही या हंगामापुरता नाही.

दादा

२९ मार्च

घुम्या,

फोनवर तू काय बोललास ते तुला माहीत आहे, पण इकडे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. आणि तू काय बोललास तेही लिहून ठेवतो, कारण पुढेमागे नाकबूल करशील.

आई सकाळपासूनच ऑफिसात येऊन बसली होती, इस्त्रीच्या साडीत. तुझी वहिनी काही काम नसताना आली. पोपटवालं जोडपं त्यांच्या परवान्यासाठी आलं होतं, ते काम झाल्यावरही उठेना. फोन मी स्पीकरवर टाकला. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. आई हातातल्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती. मी मनात म्हटलं, गेलं. आणि मग घंटी थांबली आणि आधी घड्याळं ऐकू आली. तुझ्या दुकानातली, सगळी एकदम. 'हॅलो' म्हणायची तुला सवय नाही, पण मला कळलं की उचललास. आईलाही कळलं. रुमाल पर्समध्ये गेला.

बाई म्हणाल्या, "बोला, कुणाचा अर्ज ठेवू?"

आपण दोघं एकदम म्हणालो, "त्याचा."

"म्हणजे कुणाचा?"

मी म्हटलं, "भावाचा ठेवा. त्यानं दिवेवाल्यांच्या जुन्या घरातली खोली मागितलीय. आई तिथंच वाढली. मला ती खोली देतायत हेच माहीत नव्हतं."

तू म्हणालास, "दादाचा ठेवा. विश्रामगृहात गरम पाणी आहे."

"गरम पाण्याला काय करायचंय? तिच्या बापाचं घर आहे ते!"

"गारठा असतो."

"पांघरूण नेऊ!"

"वजनाची मर्यादा आहे."

"वजनाचं तू मला सांगतोस? मला?"

घुम्या, तीन वर्षांनी आपण भांडलो, आणि तेही एकमेकांच्या बाजूनं. पोपटवाली बायको नवऱ्याला कोपरानं ढोसत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, माझ्यापुढे अजून पुष्कळ अर्ज आहेत. ज्यांना जायचंय त्या आजींना विचारलंत का?"

मी आईकडे बघितलं. तिकडून नुसती घड्याळं.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. स्पीकरवर असला तरी तो कानालाच लावला. म्हणाली, "बाई, खोली धाकट्याची. आणि बोट मोठ्याची, ती मोठी आहे ना, तीत बसायला बाक आहेत. असं जमतं का?"

बाई म्हणाल्या, "बोट बदलता येते. जमतं."

"मग झालं. एवढ्यासाठी पोरांनी किती दमवलं तुम्हाला."

बाईंनी अर्ज मंजूर म्हणून सांगितलं आणि त्या लाईनवरून गेल्या. आपण दोघं राहिलो. मी काही बोलणार, म्हणजे बोलणारच होतो, तेवढ्यात तू म्हणालास,

"जिन्याला कठडा बसवलाय. दोन्ही बाजूंनी."

आणि ठेवलास फोन.

मी गिऱ्हाइकांकडे वळून म्हटलं, "आमचा भाऊ आज भलताच बोलला." सगळे हसले. पोपटवाल्यानं मात्र नाक शिंकरलं. हळवा माणूस आहे.

कधी बसवलास, ते तू सांगितलं नाहीस. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मला इथं आणलंस त्याच्या पुढच्याच महिन्यात. रोज पुसतो म्हणे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा सांग सगळ्यांना. बसलेत बिचारे केव्हाचे."

मी चहा सांगितला.

दादा

१० एप्रिल

घुम्या,

परवाने आले. तुझा सोबत आहे. फोटो तोच लावलाय माझा, तोंड उघडं असलेला. कार्यालयाला तो जास्त पसंत पडला. परवाना खिशात ठेव, पाकिटात नको, बोटीवर पाकीट बाहेर काढताना लोकांचे कागद उडतात. बुटांच्या तळव्यात रुतलेलं काही असेल तर आधीच टोकरून काढ, तुझ्याकडे हत्यारं आहेत. गरम कपडे घे. पांघरूण मी आणतोय, वजन बसतंय, दोनदा तोलून पाहिलं. धक्क्यावर सकाळी पहिल्या भोंग्याच्या आधी भेटू. भोंगा म्हणजे बोटीचा. मी त्याच्याही आधी असेन.

शिडीवर तू वर राहा, मी खाली राहतो. वरच्यानं फक्त हात द्यायचा असतो. बोलायचं काम खालच्याला असतं, 'सावकाश, आता डावा पाय' वगैरे. ते मी बघतो. पक्षी उडाले तर उडाले.

आता तिकिटांचं. तुझं परतीचं तुझ्या गावचं, माझं माझ्या. आईचं काढायला बसलो आणि हात थांबला. या धंद्यात मी कुणाला परतीचं तिकीट नसताना सोडलेलं नाही. उठलो, आत गेलो आणि विचारलं. खरंच विचारलं, तुझी वहिनी साक्षीला आहे.

"आई, परतीचं कुठलं काढू?"

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मला नीट बघून घ्यायचं असावं. म्हणाली, "बोटीतून परत उतरले की सांगेन."

"अगं, तिकिटं आधी काढावी लागतात."

"तू एजंट आहेस ना? मग लागतील ती काढून ठेव. आणि तोवर दोघंही माझ्याशी जरा नीट वागाल."

मी दोन्ही काढली आहेत. इथलंही, तिथलंही. एक वाया जाणार. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.

पण माझे कान तुला ठाऊक आहेत. आज सकाळी आईच्या खोलीत कपाट वाजत होतं. वरचा कप्पा, मग खालचा, मग तो अडकणारा खण, जो ती कधीच उघडत नाही. ती फिरायला गेल्यावर मी जाऊन तिची बॅग जरा उचलून पाहिली. बेटावर आपण चार दिवस राहणार आहोत. ती बॅग चार दिवसांची नाही.

मी काही बोललो नाही. बघ, मलाही जमतं.

जिन्याचा कठडा तेवढा एकदा हलवून बघ.

दादा